हिऱ्याची अंगठी घेताय? आधी ती उलटी करून बघा

नवी अंगठी घ्यायला निघालेली माणसं माझ्याकडे फारशी येत नाहीत. येतात ती अंगठी घेऊन वर्ष-दोन वर्षं झालेली. कुणाचा खडा हलतोय, कुणाची नखी, म्हणजे खडा धरून ठेवणारं सोन्याचं टोक, ओढणीत अडकतेय, कुणाची बोटाभोवतीची पट्टी वाकडी झालीय, कुणाचा बाजूचा बारीक हिरा कुठे गळला ते कळलंच नाही. बडोद्यात मांडवीच्या परिसरात आमचं जडाईचं आणि दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. वडील जडाईचं काम करायचे, आता त्यांच्या जागेवर मी बसते. साखरपुड्याच्या अंगठीबद्दल मला जे सांगायचंय ते या कामातून आलेलं आहे, त्यामुळे त्याचा क्रम शोरूममध्ये ऐकाल त्यापेक्षा वेगळा आहे.

दुरुस्तीला आलेल्या अंगठीतला हिरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. दगा देतं ते कोंदण. आणि घेताना मात्र सगळी संध्याकाळ हिऱ्याचा रंग, हिऱ्याची शुद्धता, हिऱ्याचं वजन यात जाते, कोंदणाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून मी सुरुवात तिथूनच करते.

उलटी बाजू

अंगठी हातात दिली की वरून बघू नका. वरून ती छान दिसणारच, दुकानातले दिवे त्यासाठीच लावलेले असतात. दोन बोटांत पट्टी धरा, अंगठी उलटी करा आणि दहापट दाखवणारं भिंग मागा. भिंग द्यायला कुरकुर करणाऱ्या दुकानात थांबायचं कारण नाही. डोळ्याजवळ भिंग, भिंगाजवळ अंगठी, आणि दोन्ही हातांचे तळवे एकमेकांना टेकवलेले, म्हणजे हात हलत नाही.

पहिली गोष्ट, आतलं पॉलिश. हिऱ्याखालची जाळी, नख्यांच्या मधली जागा, पट्टी जिथे वर येऊन कोंदणाला मिळते तो कोपरा, हे सगळं वरच्या बाजूइतकंच गुळगुळीत हवं. तिथे बारीक बारीक खड्डे दिसले, खरखरीत राखाडी भाग दिसला, तर सोनं ओतताना त्यात हवा राहिली आहे किंवा नंतर कुणी हात फिरवलेला नाही. असं सोनं ताण आला की तिथूनच तडकतं. जो कारागीर न दिसणारी बाजू स्वच्छ करतो, त्याने नख्याही नीट बसवलेल्या असतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता अंगठी उलटी केली की पुढचं अर्धं कळतं.

दुसरी गोष्ट, हिऱ्याच्या खाली मोकळी जागा आहे का. हिऱ्याचं टोक बोटाला टेकायला नको आणि खालून ब्रश आत जायला हवा. अगदी बसकं कोंदण दिसायला नाजूक दिसतं, पण त्यात मळ साचला की काढता येत नाही.

मग अंगठी आडवी धरून बाजूने बघा. हिऱ्याची जी कडेची धार असते, तिला गर्डल म्हणतात. प्रत्येक नखीत आतल्या बाजूने एक खाच कापलेली असते आणि गर्डल त्या खाचेत बसते. खाच नखीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश हवी. त्याहून उथळ असली तर हिरा निसटतो, अर्ध्याच्या पुढे गेली तर नखीत दमच राहत नाही. गर्डल आणि खाच यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसता कामा नये. शेवटी वरून बघा: नखीचं टोक हिऱ्याच्या पैलूवर सपाट टेकलेलं, गोल घासलेलं, आणि सगळ्या नख्या एकसारख्या.

एकदा एक मुलगी आणि तिची होणारी सासू नुकतीच घेतलेली अंगठी घेऊन आल्या. साखरपुड्याला अवकाश होता. तक्रार काही नव्हती, सासूबाईंच्या ओळखीतून आल्या होत्या आणि त्यांना फक्त एकदा कुणा जाणत्याच्या नजरेखालून घालायची होती. सहा नख्या, मध्ये अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा. पाच नख्या उत्तम. सहावीची खाच इतकी खोल गेली होती की बाहेरच्या बाजूला सोन्याचा जेमतेम पापुद्रा उरला होता. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. "अहो ताई, वरून तर किती सुंदर दिसतेय!" सासूबाई म्हणाल्या. सुंदर होतीच. मी त्यांना त्याच दिवशी दुकानात परत जायला सांगितलं. दुकानदाराने कोंदणाचा वरचा भाग बदलून दिला, पैसेही घेतले नाहीत. हीच अंगठी वर्षभर वापरून नेली असती तर "तुमच्या वापराने झालं" असं ऐकावं लागलं असतं, आणि तेव्हा कुणाचं खरं ते सिद्ध करणं कठीण.

भिंगाशिवाय करायच्या दोन तपासण्या आहेत आणि त्या पुढेही घरी उपयोगी पडतात. अंगठी कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा. खडा ढिला असेल तर बारीक टकटक ऐकू येते. आणि रेशमी ओढणीच्या किंवा साडीच्या पदरावरून अंगठी अलगद फिरवा. धागा अडकला तर ती नखी उचललेली आहे.

नख्या, पट्टी आणि सोनं

चार नख्या की सहा, हे बरेच जण चवीचा प्रश्न समजतात. चार नख्यांत हिरा जास्त दिसतो, पण एक नखी गेली की उरलेल्या तीन हिरा धरून ठेवतील याची खात्री नसते. सहामध्ये एक गेली तरी पाच उरतात. सहा नख्यांची ती प्रसिद्ध रचना टिफनी कंपनीने १८८६ मध्ये बाजारात आणली आणि आजही तिच्यावरच जग चालतं, त्यामागे हे साधं कारण आहे. लहान हिऱ्याला जाड चार नख्या पुरतात. अर्ध्या कॅरेटच्या पुढे मी सहाच सुचवते.

चौकोनी प्रिन्सेस, पानाच्या आकाराचा मार्कीज, थेंबासारखा पेअर, या आकारांची टोकं नाजूक असतात. टोकावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी, दोन्ही बाजूंनी धरणारी नखी हवीच. टोक उघडं असेल तर तो नमुना कितीही आवडला तरी सोडून द्या. हिरा सगळ्यात कठीण आहे, मोहच्या मोजपट्टीवर दहा, म्हणून तो तुटत नाही असं लोकांना वाटतं. कठीण म्हणजे त्याच्यावर ओरखडा उठत नाही. ठराविक दिशांनी ठोका बसला तर हिऱ्याची कपची उडते, कारण त्याच्या स्फटिकात चार दिशांना फुटण्याच्या पातळ्या असतात. हिऱ्याला पैलू पाडणारे पूर्वी याच गुणाचा उपयोग करून कच्चा हिरा एका ठोक्यात दुभागत.

परिचारिका, डॉक्टर, प्रयोगशाळेत काम करणारी, लहान मूल असलेली, ज्यांचे हात दिवसभर चालू असतात, त्यांनी चारही बाजूंनी सोन्याची कड असलेलं बंद कोंदण घ्यावं. बेझेल म्हणून मागा. कपड्यात अडकत नाही, ग्लोव्ह फाटत नाही, गर्डल झाकलेली राहते. हिरा थोडा कमी दिसतो हे खरं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला तेच कोंदण सगळ्यात आवडतं.

आता ज्या फॅशनची मला खरी काळजी वाटते ती सांगते. बारीकशी पट्टी आणि तिच्यावर दोन्ही बाजूंना एक-एक सेंटचे, म्हणजे कॅरेटच्या शंभराव्या भागाचे, दीड मिलिमीटरही नसलेले हिरे ओळीने. फोटोत फार देखणी दिसते. अशा बऱ्याच अंगठ्यांमध्ये मेणाच्या नमुन्यातच हिरे बसवतात आणि मग त्याभोवती सोनं ओततात, त्याला वॅक्स सेटिंग म्हणतात. हिरा धरायला सोन्याचा मोहरीएवढाही दाणा नसतो. पट्टी जराशी वाकली की ओळीतले दोन-तीन हिरे एकदम सुटतात, आणि अशी अंगठी मोठी किंवा लहान करायची म्हटली तरी तोच धोका. आवडली असेल तर घ्या, पण पट्टी रुंदीला निदान १.८ आणि जाडीला दीड मिलिमीटर असू द्या, हिरे अर्ध्या पट्टीपर्यंतच असू द्या, आणि हिरे हाताने जडलेत का हे विचारा. दुकानात मोजपट्टी असते, मोजून घ्या.

सोन्याबद्दल घरात हमखास वाद होतो. आजी म्हणते बावीस कॅरेटच हवं. बाकी दागिन्यांना ठीक, पण ९१६ सोनं मऊ असतं आणि त्याच्या नख्या हिरा धरून ठेवू शकत नाहीत. हिऱ्याला १८ कॅरेट, म्हणजे ७५० छापाचं, किंवा १४ कॅरेट, म्हणजे ५८५ छापाचं सोनं लागतं. आजींना सांगा की उरलेला भाग तांबं-चांदीसारख्या धातूंचा असतो आणि तोच बळ देतो. पांढरं सोनं घेणार असाल तर त्यावर रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो वर्ष-दोन वर्षांत उतरून खालचा पिवळसर रंग दिसायला लागतो आणि पुन्हा चढवावा लागतो. ज्यांना ही कटकट नको त्यांनी पिवळं सोनं घ्यावं किंवा ९५० प्लॅटिनम. प्लॅटिनमच्या नख्या फार टिकतात. पण तो वितळायला १७६८ अंश लागतात आणि त्याची दुरुस्ती प्रत्येक सोनाराकडे होत नाही, हे आधीच विचारून ठेवा.

हॉलमार्कमध्ये तीन खुणा बघायच्या: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, आणि अक्षरं-अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिना कुठल्या प्रकारचा आणि किती शुद्धतेचा म्हणून नोंदला आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या तपासा. मात्र हा छाप सोन्याचा आहे. हिऱ्याबद्दल तो काहीही सांगत नाही.

आता हिरा

आमच्या बडोद्यात लोकांना मोठ्या हिऱ्यांच्या गोष्टी माहीत असतात. ज्यांच्या नावाचं खंडेराव मार्केट आहे त्या खंडेराव गायकवाडांनी 'स्टार ऑफ द साउथ' विकत घेतला होता. १८५३ मध्ये ब्राझीलमध्ये सापडलेला, पैलू पाडल्यावर १२८.४८ कॅरेटचा. या हिऱ्याची पुढे प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा त्याची शुद्धता व्हीएस-२, म्हणजे अगदी बारीक दोष असलेली, आणि रंग फिकट गुलाबी-तपकिरी ठरला. गायकवाडांच्या गळ्यातला हिरा व्हीएस-२ होता, तर तुमच्या अर्ध्या कॅरेटला व्हीव्हीएस-१ ही त्याहून वरची शुद्धता आणि डी हा सगळ्यात वरचा, रंगहीन दर्जाच पाहिजे असा हट्ट कशासाठी? नुसत्या डोळ्यांना व्हीएस-२ आणि त्याच्या वरचे यांत फरक दिसत नाही. डीच्या पुढे एकेक अक्षर जाईल तशी पिवळट छटा वाढते, तरी पांढऱ्या धातूत जी किंवा एच रंग, पिवळ्या सोन्यात आय किंवा जे रंगसुद्धा छान दिसतो, कारण सोन्याची पिवळी छटा त्याला सामावून घेते. वाचलेले पैसे कटमध्ये, म्हणजे पैलू किती नीट पाडलेत त्यात, घाला. चमक तिथून येते.

गोल हिऱ्याचा कट प्रयोगशाळेच्या अहवालात एक्सलंट असा लिहिलेला असावा. त्याशिवाय व्यासाचा आकडा बघा. नीट कापलेला अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा ५.१ मिलिमीटरच्या आसपास आणि एक कॅरेटचा साडेसहाच्या आसपास भरतो. वजन तेवढंच पण व्यास बराच कमी असेल तर वजन खाली पोटात लपलंय, आणि तुम्ही न दिसणाऱ्या भागाचे पैसे देताय. आणखी एक: ०.५० आणि १.०० या आकड्यांना भाव एकदम चढतो. ०.४७ किंवा ०.९५ चा हिरा शोधून मागा. बोटावर फरक कळत नाही, बिलावर कळतो.

अहवालात एक नकाशा असतो, त्यात हिऱ्यातले दोष काढलेले असतात. तो नकाशा जडणाऱ्याच्या नजरेने वाचा. मधोमध एखादा बारीक ठिपका असला तर माझी हरकत नाही. पण गर्डलला लागून चीर असेल, अहवालात तिला फेदर म्हणतात, तर मी तो हिरा घेऊ देत नाही. नखी दाबताना जोर नेमका तिथेच येतो. तसंच गर्डल फार पातळ असा शेरा असेल तर दुसरा दाखवा म्हणावं.

जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा अहवाल असेल तर त्याचा क्रमांक संस्थेच्या वेबसाइटवर टाकून बघा आणि हिऱ्याच्या गर्डलवर लेझरने कोरलेल्या क्रमांकाशी जुळवा. भिंगातून तो दिसतो, जरा सवय लागते. नखी त्याच्यावर येणार नाही अशा बेताने हिरा बसवायला सांगा. पुढे दुरुस्तीला द्याल तेव्हा याचा किती आधार वाटतो ते तेव्हाच कळेल.

सुरत आमच्यापासून गाडीने दोन-तीन तासांवर. जगातले बहुतेक हिरे तिथेच पैलू पाडून निघतात, त्यामुळे "सुरतला जाऊन स्वस्तात घेऊ" हे दर लग्नसराईत ऐकू येतं. महिधरपुऱ्यात रस्त्यावर उभं राहून कागदाच्या पुडीत हिरे दाखवणारे दलाल बघायला जरूर जा. तो व्यवहार एकमेकांना ओळखणाऱ्यांचा आहे, आपण तिथे पाहुणे. सुटा हिरा घ्यायचाच असेल तर अहवालासह आणि बिलावरच घ्या. सुटा घेण्यात एक मोठा फायदा आहे: धातूत बसण्याआधी तो पांढऱ्या कागदावर उलटा ठेवून त्याचा खरा रंग बघता येतो, वजन काट्यावर करता येतं. मग तो आपल्या ओळखीच्या जडणाऱ्याकडे द्या, पण पावतीवर अहवाल क्रमांक आणि वजन लिहून घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या, म्हणजे लॅबग्रोन हिऱ्याबद्दल रोज विचारणा होते. सीव्हीडी असो की एचपीएचटी (हिरा वाढवायच्या या दोन पद्धती), तो रसायनाने हिराच आहे, तेवढाच कठीण, तेवढाच चमकदार. उष्णता मोजणाऱ्या पेनाने तो आणि खाणीतला हिरा वेगळा ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. भाव खूप कमी असतो आणि परत विकताना जवळजवळ काही मिळत नाही. हे माहीत असून घेत असाल तर आनंदाने घ्या. फक्त बिलावर 'नैसर्गिक' की 'लॅबग्रोन' हे स्पष्ट लिहून घ्या. आणि खडा स्वस्त मिळाला म्हणून दोन कॅरेटचा हिरा काडीएवढ्या पट्टीवर बसवू नका. हल्ली माझ्याकडे अशाच अंगठ्या वाढल्यात. वरचं वजन जास्त म्हणून ती बोटात सारखी फिरते, कडेला आपटते आणि नख्या झिजतात.

बिल आणि माप

बिलात एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं हवं. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम, म्हणून अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्याचे ०.१० ग्रॅम एकूण वजनातून वजा झालेले दिसले पाहिजेत. सोन्याचा त्या दिवसाचा दर, घडणावळ, हिऱ्याचं वजन-रंग-शुद्धता आणि किंमत, तीन टक्के जीएसटी, सगळं सुटं सुटं. दुकानदार अंगठी परत घेताना सोन्याचे किती आणि हिऱ्याचे किती धरणार, हेही लिहून मागा.

माप संध्याकाळी द्या. सकाळी बोट बारीक असतं, उन्हाळ्यात आणि पावसाळी दमटपणात फुगतं. अंगठी पेरावरून थोडी अडत अडत जावी आणि आत गेल्यावर सहज फिरावी. गुपचूप घ्यायची असेल तर जिच्यासाठी घेताय तिची त्याच हाताच्या त्याच बोटातली अंगठी मिळवा. आपल्याकडच्या मापाच्या आकड्यात चाळीस मिळवले की आतला घेर साधारण मिलिमीटरमध्ये येतो: १२ नंबर म्हणजे ५२ मिलिमीटर. दोऱ्याने मोजलं असेल तर हा हिशोब कामाला येतो.

बोटात आल्यानंतर

हिऱ्याला तेला-तुपाची फार ओढ. पाण्याला तो धरत नाही, चिकटाईला धरतो. खाणीत खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस फासलेल्या पाटावरून पाण्याबरोबर खडी सोडत, दगड वाहून जात आणि हिरे चिकटून बसत. तुमच्या बोटावरही तेच होतं. खोबरेल तेल, क्रीम, फोडणीचा उडालेला थेंब, सगळं हिऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन बसतं आणि हिरा मंद दिसायला लागतो. कणकेचा प्रकार तर आणखी वाईट. कणीक नख्यांखाली शिरते, वाळते, कडक होते, आणि मग कुणीतरी ती टाचणीने कोरायला जातं. टाचणीने नखी उचलली जाते. कणीक मळताना, पुरण वाटताना अंगठी काढून ठेवायची, इतकं साधं आहे हे.

घरी धुण्याची माझी रीत अशी. बेसिनवर नाही, टेबलावर वाटीत कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. अंगठी पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवायची. मग लहान मुलाचा मऊ दात घासायचा ब्रश घ्यायचा आणि खालच्या बाजूने, हिऱ्याच्या पोटाकडून, हलक्या हाताने फिरवायचा. वरून कितीही घासलं तरी मळ खालीच असतो. आळलेली कणीक पाण्यात मऊ होऊन पांढरट तुकड्यांनी सुटून येते, ती येईपर्यंत धीर धरायचा. नंतर अंगठी चहाच्या गाळणीत धरून स्वच्छ पाण्याखाली धुवायची आणि सुती कापडाने टिपायची. रिठ्याचं पाणी वापरणाऱ्या आज्यांचंही बरोबर आहे, ते सौम्य असतं. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा मात्र सोन्यावर ओरखडे पाडतात. ब्लीच आणि तरणतलावातलं क्लोरीन १४-१८ कॅरेट सोन्यातल्या मिश्र धातूला खातं, पांढऱ्या सोन्याच्या नख्या त्याने ठिसूळ होतात. घरात थर्मामीटर फुटला तर अंगठी आधी काढा आणि मग साफसफाई करा, कारण पारा लागलेलं सोनं पांढरं पडतं.

नवरात्र. इथे मी कळकळीने सांगते. बडोद्याचा गरबा म्हणजे टाळीचा गरबा, आणि नऊ रात्री तास-तास टाळी वाजवताना दुसऱ्या हातातली अंगठी किंवा बांगडी हिऱ्याच्या नख्यांवर येऊन आदळते. दांडिया खेळत असाल तर काठीचा फटका थेट गर्डलवर. शिवाय चणिया-चोळीची आरशी, जर, लटकन यांत नखी अडकते आणि गर्दीत कळत नाही. दसऱ्यानंतर माझ्याकडे सगळ्यात जास्त काम येतं, आणि खडा मैदानात पडला असेल तर तो सापडल्याचं फार क्वचित ऐकते. नवी नवरी हौसेने घालते, मला समजतं. फोटो काढा आणि अंगठी घरी ठेवून जा.

स्कूटरची मूठ घट्ट धरली की पट्टी हळूहळू लंबगोल होते, आणि पट्टी लंबगोल झाली की कोंदण ताणलं जातं. व्यायामशाळेत वजनं उचलताना तेच. झोपताना काढावी. हळदीला आणि मेंदीला अंगठी नको. क्रीम, अत्तर, सनस्क्रीन आधी, अंगठी शेवटी. काढताना हिरा चिमटीत धरून ओढू नका, पट्टी धरा. आणि काढल्यावर ठेवायची जागा एकच असू द्या, झाकणाची डबी. बेसिनची कड, खिडकी, पर्सचा कप्पा, या तीन जागांनी जितक्या अंगठ्या घालवल्या तितक्या चोरांनीही घालवल्या नसतील. डबीत दुसरा दागिना नको, हिरा शेजारच्या सोन्यालाही ओरबाडतो आणि शेजारच्या हिऱ्यालाही.

लॉकरमध्ये ठेवाल तर एवढं माहीत असू द्या: आग, चोरी, कर्मचाऱ्याची फसवणूक अशा घटनेत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. बँक आत काय आहे याचा विमा काढत नाही. घराच्या विम्यात दागिने घालता येतात, पण नुसत्या घरफोडीचा विमा आणि अंगावरून हरवली तरी मिळणारा विमा यांत फरक आहे. कागद नीट वाचून दुसरा मागा. दुकानदार पहिल्या वर्षाचा विमा फुकट देत असेल तर त्यात काय धरलेलं नाही ते आधी विचारा.

सहा महिन्यांतून एकदा नख्या तपासून घ्या. नखीचं टोक झिजलं असेल तर त्यावर सोनं चढवतात. हिरा जागेवर ठेवूनच ते करता येतं, पण आच देण्याआधी बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून तिचा लेप हिऱ्याला द्यावा लागतो, नाहीतर हिऱ्याचा पृष्ठभाग दुधाळ होतो. कारागिराला हे विचारा, चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. बाजूला नीलम, पाचू असतील तर ते आधी काढावे लागतात. "आमचा हिरा बदलला तर?" ही भीती सगळ्यांच्या मनात असते आणि ती दाबून ठेवण्याचं काही कारण नाही. देताना तुमच्यासमोर गर्डलचा क्रमांक भिंगातून बघायचा, फोनवर फोटो काढायचा, घेताना पुन्हा बघायचा. माझ्याकडे मी स्वतःहून दाखवते.

अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या, मशीनमध्ये अंगठी टाकण्याआधी नख्या घट्ट आहेत ना ते बघायला सांगा. मशीन ढिला खडा आणखी ढिला करतं.

खडा पडलाय असं लक्षात आलं तर

आहात तिथेच थांबा. झाडू मारू नका, मोरीत पाणी सोडू नका. खोलीतले दिवे बंद करून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा आणि प्रकाशाच्या रेषेत नजर खाली नेऊन बघा, हिरा लांबूनही ठिणगीसारखा दिसतो. व्हॅक्यूम लावायचा तर नळीच्या तोंडावर पातळ मोजा ताणून बांधा. कणकेचा डबा, उशीचा अभ्रा, हातमोजे, वॉशिंग मशीनची जाळी, बेसिनखालचा ट्रॅप उघडून बघा. त्या दिवशीचा कचरा दोन दिवस टाकू नका. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि पोलिसांत नोंद करा, उशीर झाला की दावा अडतो.

रिकामी अंगठी घालत राहू नका आणि वाकलेल्या नख्या घरी सरळ करायला जाऊ नका. तशीच डबीत घालून अहवालासकट जडणाऱ्याकडे न्या. कुठली नखी कुठे वाकलीय, कुठली तुटलीय, यावरून खडा कुठल्या बाजूने निसटला ते कळतं, आणि फक्त नखी बदलायची की पूर्ण कोंदण नवं करायचं हे त्यावरूनच ठरतं.